टिकलीवाला दाणा

सकाळी साडेआठला कौशल्या काचेच्या खोलीचं दार सरकवायची, डोक्यावर निळी जाळीची टोपी चढवायची आणि मशीनच्या पडद्यावर बोट ठेवायची. पडद्यावर तीन नावं उमटायची. उसना म्हणजे उकडा, साधा आणि चंद्रभागा. चिन्नोर तांदूळ निवडायचा असला की चंद्रभागा दाबायचं. मग वरच्या हौदातून तांदूळ घसरत खाली यायचा, कॅमेरे एकेक दाणा बघायचे आणि खराब दाणा दिसला की हवेची बारीक फुंकर त्याला बाजूला उडवायची. प्रत्येक फुंकरीचा टक् असा आवाज व्हायचा. पण सेकंदाला शेकडो दाणे पडत असल्यामुळे वेगळा टक् ऐकू यायचा नाही. कढईत लाह्या फुटाव्यात तसा सलग तडतडाट चालू राहायचा, साडेपाचपर्यंत.

त्या नऊ तासांत कौशल्याशी बोलणारं कुणी नसायचं. हमाल बाहेर पोती रचायचे, पण काचेतून त्यांचे फक्त ओठ हलताना दिसायचे. तिचा नवरा तेजराम हार्वेस्टर चालवायचा. दिवाळी झाली की तो मशीन घेऊन छत्तीसगड, मग तेलंगणा असा जो निघायचा तो चार-चार महिने घरी नसायचा. मुलगी दामिनी नागपूरला नर्सिंग शिकत होती. म्हणजे मिलमध्ये एकटी, एसटीने गावी उतरून घरी गेलं की तिथेही एकटी. फक्त संध्याकाळी पाचच्या सुमाराला मिलचे मालक धर्मेंद्रभाऊ काचेच्या खोलीत यायचे, निवडलेला तांदूळ मूठभर तिच्यापुढे धरायचे आणि विचारायचे, "कौशल्याबाई, कसा आहे?" ती दाणे बोटाने पसरवून बघायची, सांगायची. दिवसभरातलं तिचं बोलणं म्हणजे ते.

याच जागी गेल्या वर्षीपर्यंत बारा बाया बसायच्या. लाखांदूरहून वडसा रोडला लागलं की डाव्या हाताला ही मिल. धर्मेंद्रचे वडील, भय्याजी, होते तोपर्यंत चिन्नोर हातानेच निवडला जायचा. चिन्नोर बारीक आणि वासाचा, त्यात काळा दाणा दिसला तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. भिंतीच्या कडेने बारा सुपं आणि बारा तोंडं सारखी चालू. बायांनी खराब दाण्यांना नावं ठेवली होती. टोकाला काळा असेल तो काळतोंड्या. पिवळा पडलेला म्हणजे नवरी, हळद लागलेली. खडा म्हणजे जावई, कारण तो गुपचूप बसतो आणि दात पाडतो. "माह्या सुपात आज तीन जावई निंघाले वो!" असं सत्यभामा ओरडायची आणि सगळ्या जणी खिदळायच्या. दिवाणजी दारातून "हात चालवा, हात" म्हणायचे, तर सत्यभामा म्हणायची, "हातच चालून रायले दिवाणजी, तोंड तं फुकटात चालते."

भय्याजी गेले. धर्मेंद्र पुण्याची नोकरी सोडून आला. तो अन्नप्रक्रियेचं शिकलेला, पस्तिशीतला, हिशेबी डोक्याचा पण मनाने सरळ माणूस. पोत्यांनी तांदूळ व्यापाऱ्याला घालणं त्याने बंद केलं आणि एक-एक किलोच्या पाकिटांत चिन्नोर भरून थेट गिऱ्हाइकाला पाठवायला सुरुवात केली. पाकिटामागे एक चौकोनी खूण असायची. ती मोबाईलने टिपली की ज्याच्या शेतातला तांदूळ त्याचा फोटो दिसायचा. बंगळूर, हैदराबादहून मागणी यायला लागली. बारा सुपांना ती झेपेना. मग ही मशीन आली. दहावी शिकलेली आणि मोबाईल चालवता येणारी म्हणून कौशल्याला ठेवलं, बाकीच्या अकरा जणींना शेवटच्या दिवशी एकेक साडी आणि पाच-पाच किलो तांदूळ मिळाला.

मशीन आपल्याआप काही ओळखत नाही, हे कौशल्याला तेव्हाच कळलं. तिला आधी दाखवावं लागतं की हा चांगला, हा वाईट. चांगल्याचा एक ढीग आणि वाइटाचा एक ढीग तिच्यातून काढायचा, ती दोन्हींचे हजारो फोटो घेते आणि त्यावरून शिकते. धर्मेंद्रने त्यासाठी दिवाणजींच्या जुन्या वह्या काढल्या. दर संध्याकाळी प्रत्येकीने काढलेला खराब दाणा दिवाणजी तोलून लिहून ठेवायचे, कारण ज्या बाईचा ढीग कमी तिने दिवसभर काम केलं नाही, असा मिलचा कायदा होता. धर्मेंद्रने ते आकडे कंप्युटरमध्ये घातले. बाकीच्यांचा ढीग किलोच्या मागेपुढे आणि एकीचा रोज पावणेदोन किलो, सलग चार वर्षं. चंद्रभागाबाई.

"सगळ्यात तेज नजर," तो म्हणाला. "मशीनले हिचाच नमुना दाखवू."

शेवटच्या दिवशी त्याने चंद्रभागाबाईचा ढीग स्वतः पिशवीत भरला तेव्हा सत्यभामाने तोंडात पदर कोंबला. कौशल्याने मान खाली घातली, पण तिचेही खांदे हलत होते. मशीन वगैरे काय, आठ दिवसांचं खूळ, असंच त्यांना वाटत होतं. गंमत म्हणून सोडून दिलं.

गंमत ही होती की चंद्रभागाबाईला नीट दिसत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं. चष्म्याने सुटणारं नव्हतं ते, हळूहळू वाढत जाणारं होतं. ती कबूल करायची नाही. पण एका संध्याकाळी तिचा ढीग मूठभर निघाला आणि दिवाणजी म्हणाले, "बाई, आता घरी बसा." दुसऱ्या दिवशी सत्यभामाने उठता-बसता चिमूटभर दाणे तिच्या ढिगात सोडले. मग कौशल्याने. मग सगळ्यांनीच. आपल्या ढिगातला खराब दाणा द्यावा तर आपला ढीग घटणार, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. चिन्नोरच्या काही दाण्यांच्या पोटावर पांढरा बारीक ठिपका असतो, टिकली लावल्यासारखा. दाणा चांगला, शिजतोही चांगला, वासही तसाच. पण दिवाणजींनी विचारलंच तर "हे पाहा, डाग आहे" म्हणायला सोय. तेच दाणे त्या चंद्रभागाबाईच्या ढिगात टाकायला लागल्या. अकरा जणी आपापली चिमूट टाकायच्या. अकरा चिमटींची बेरीज कुणीच केली नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका शुक्रवारी धर्मेंद्रने कौशल्याला ऑफिसात बोलावलं. टेबलावर पांढऱ्या कागदावर दाण्यांच्या दोन ओळी मांडल्या होत्या आणि मोबाईल स्पीकरवर होता. पलीकडे मशीन बसवून गेलेला प्रविण नावाचा इंजिनिअर बोलत होता.

"सर, मशीन बरोबर आहे. तिला जे शिकवलं तेच ती करून राहिली."

"शंभर दाण्यात अकरा फेकते प्रविणभाऊ. तीन फेकले पाहिजे. आठ दाणे कायले फेकून रायली?"

"मग शिकवताना काहीतरी मिसळलं असेल. नमुना पाहा तुमचा."

फोन ठेवून धर्मेंद्रने एक दाणा चिमट्याने उचलला आणि भिंगाखाली धरला. "पाहा. फेकलेल्यात निम्म्याहून जास्त हेच. पोटावर पांढरा ठिपका. हा दाणा वाईट असते का चांगला?"

कौशल्याने भिंगातून पाहिलं. ठिपका चवलीएवढा दिसत होता. तिला एकदम अकरा जणींचे हात दिसले, सुपामागून सरकणारे.

"पाहून सांगतो भाऊ," ती म्हणाली.

"एका दाण्याले काय पाहाचं आहे?"

"तसं नाही. ओला-सुका पाहा लागते."

तो हसला. "बरं. सोमवारी सांगा. पण सोमवारी पक्कं झालं पाहिजे, मशीन परत द्यायची मुदत त्याच दिवशी संपते. पाकिटं महिनाअखेर गेलीच पाहिजे. नाही सुधरली तं देतो वापस, अन् या हंगामात बाया पुन्हा बसवतो."

पुढचं तो काय बोलला ते कौशल्याने ऐकलं, पण अर्धवट. तिच्या कानात 'बाया पुन्हा बसवतो' एवढंच राहिलं. एसटीत खिडकीशी बसून ती हसली तेव्हा शेजारच्या बाईने विचारलं, "काय झालं वो?" काही नाही म्हणून तिने तोंड फिरवलं. तिने फक्त म्हणायचं होतं की दाणा वाईट. मग मशीन बरोबर ठरली असती, तिला नव्याने शिकवायचं कारण उरलं नसतं; पण शंभरात अकरा दाणे फेकणारी मशीन धर्मेंद्रला परवडणारी नव्हती, म्हणजे ती जाणारच. एक शब्द, आणि भिंतीकडेला पुन्हा सुपं.

रविवारी ती दिघोरीला गेली, चंद्रभागाबाईकडे. आधी सत्यभामाला फोन लावला होता. सत्यभामा मुलाकडे वरठीला राहायला गेली होती. तिथे स्टेशनाजवळ तिने नाश्त्याची गाडी टाकली होती. मागे कढई चुरचुरत होती. "येईन तं येईन," ती म्हणाली, "पण बोलावलं तं खरं! बाई येते का? बाई आली तं मीही एक महिना येतो. गाडी सून पाहीन."

चंद्रभागाबाई अंगणात उन्हाला बसून लाखोळीची डाळ निवडत होती. तिने कौशल्याला पायांच्या आवाजावरून ओळखलं.

"ये वो कौशल्ये. मशीनीनं सुट्टी देली का?"

"आज रविवार हाय बाई."

"मशीनीले कायचा रविवार." तिने सूप पाखडलं. "मंग? माही याद आली का तुमच्या मालकाले?"

कौशल्या तिच्या सुपात बघत होती. चंद्रभागाबाई एकेक खडा म्हणून जे उचलून बाजूला टाकत होती त्यात अर्धी डाळ होती, आणि डाळीत दोन खडे तसेच बसले होते. दारातून तिची सून गुड्डी चहा घेऊन आली. सासूच्या मागे उभी राहून तिने कौशल्याकडे पाहिलं, सुपाकडे बोट केलं आणि आपल्या डोळ्यांशी हात नेऊन नुसतीच मान हलवली. रोज मी पुन्हा निवडतो, असा त्याचा अर्थ होता.

"मले सगळं माईत हाय," चंद्रभागाबाई म्हणाली. "मशीनीचं नाव चंद्रभागा ठेवलं ना? पोस्टमन सांगत होता. गावात सगळे विचारतात, काय बाई, तुह्या नावाची मशीन निंघाली म्हणे. मी म्हणतो, निंघणारच. चार वर्षं पावणेदोन किलो काढलं मी. तुम्ही पोट्ट्या बारा तास डोये फोडून किलो काढत होत्या. काढत होत्या का नाही?"

"हाव बाई."

"नजर लागते. कंप्युटर काय करते तेथं."

गुड्डीने रिकामी कपबशी उचलली आणि घाईने आत गेली.

"बाई," कौशल्या म्हणाली, "मशीन बिघडली. भाऊ म्हणून रायले, बायाईले बोलावू."

चंद्रभागाबाईचा हात सुपात थांबला. चेहरा असा उजळला की कौशल्याला पुढचं बोलवेना. ती लगेच कुणाला कोणत्या बसने यावं लागेल ते सांगायला लागली, आपली जागा खिडकीजवळची आहे हे सत्यभामाला सांगून ठेव म्हणाली, गुड्डीला हाक मारून डबा कुठे ठेवलाय ते विचारलं.

शुक्रवारी धर्मेंद्र जे पुढे बोलला होता ते कौशल्याला आता पुरतं आठवलं. 'पण जुन्यासारखं नाही हं. प्रत्येकीच्या सुपावर वरून एक कॅमेरा लावतो. कोण काय काढते ते कंप्युटरले दिसलं पाहिजे.'

"बाई, यावर्षी सुपावर कॅमेरा लावणार हायेत," ती म्हणाली.

"लावू दे!" चंद्रभागाबाईने सूप खाली आपटलं. "लावू दे, मी काय भेतो का? सगळ्यात पयले माह्या सुपावर लाव म्हणजो. दिसू दे तेले कसं निवडतात."

कौशल्या संध्याकाळच्या बसने परतली. वाटेत धानाची शेतं कापून मोकळी झाली होती. एका ठिकाणी हार्वेस्टरच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या तशाच वाळून राहिल्या होत्या. तिने मनात दोन्ही बाजू पुन्हापुन्हा मांडून पाहिल्या. दाणा वाईट म्हटलं तर बाया येतील, आणि पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याखाली चंद्रभागाबाईची बोटं दिसतील, डाळ टाकून खडे ठेवणारी. दाणा चांगला म्हटलं तर धर्मेंद्र विचारेल, मग सगळ्यात तेज नजरेच्या बाईने चार वर्षं चांगला दाणा का फेकला? दोन्हीकडून चंद्रभागाबाईच सापडत होती. चूक अंगावर घ्यायला दुसरं कुणीतरी हवं होतं.

सोमवारी ती मशीन सुरू न करता सरळ ऑफिसात गेली.

"भाऊ, टिकलीवाला दाणा चांगला हाय."

"टिकलीवाला?"

"ठिपक्याचा. आम्ही टिकलीवाला म्हणतो. त्याले फेकाचं नसते."

धर्मेंद्र खुर्चीत सरसावून बसला. "मंग चंद्रभागाबाईच्या ढिगात तोच कसा काय?"

"बाईनं नाही टाकला. मी टाकला." घरून ठरवून आणलेलं वाक्य तिने एका दमात म्हटलं. "शेवटच्या दिवशी तुम्ही पिशवी भरून ठेवली ना, त्यात मी माह्या सुपातले दाणे ओतले. मले वाटलं ते खराब. माही नजर चुकली."

"पण वजन तर चार वर्षांपासून..."

"बाईचं वजन खरंच हाय. पिशवीत मिसळलं ते माहं."

त्याने चिमटा उचलला, खाली ठेवला. "तुम्हाले टिकलीवाला ओळखता येत नव्हता? तुम्हाले?"

"तेव्हा नाही आला."

"अन् रोज संध्याकाळी मी तुम्हालेच विचारत होतो," तो म्हणाला. रागावून नाही, आकड्यांत चूक सापडावी तसं. "ठीक आहे. सांगितलं ते बरं केलं. पिशवीतला उरलेला नमुना आहे, तो साफ करून द्या. मी भिंगानं तपासतो. पुढचा नमुना नागपूरच्या लॅबमधून बनवून आणू."

तीन दिवस ती पिशवी घेऊन एकटी बसली. मशीन बंद होती, त्यामुळे खोलीत आवाजही नव्हता. काळतोंडे एकीकडे, नवऱ्या एकीकडे, टिकलीवाले एकीकडे. टिकलीवाल्यांचा ढीग सगळ्यांत मोठा होत गेला. पाहता पाहता तिला काही दाण्यांवरून कुणी टाकला असेल तेही सुचायला लागलं. सत्यभामा नेहमी लांबट दाणा निवडायची. ठिपका इतका पुसट की दाणा उजेडाशी आडवा धरल्याशिवाय दिसू नये, तो कौशल्याचा स्वतःचा. ते सगळे दाणे तिने चांगल्या तांदळात नेऊन मिसळले. गुरुवारी प्रविणने फोनवरून सांगितलं तशी मशीन नव्याने शिकवली. पडद्यावरचं जुनं नाव गेलं, 'चिन्नोर २' असं नवं आलं. शंभरात तीन दाणे बाजूला पडले. तीनच. धर्मेंद्रने हमालांना पेढे वाटले, एक तिलाही दिला.

त्यानंतर पाच वाजता तो काचेच्या खोलीत यायचा थांबला. मूठभर तांदूळ आता छोट्या डबीत घालून तो ऑफिसात नेत असे. वागणं वाईट नव्हतं. येता-जाता काचेतून हात करायचा, तीही करायची.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी मोबाईल थरथरला. गुड्डीचा नंबर होता. कौशल्या बाहेर कोंड्याच्या ढिगाशी जाऊन उभी राहिली.

"काय वो, सांगते म्हणली, मंग सांगितलंच नाही," चंद्रभागाबाई म्हणाली. "मी डबा घासून ठेवला. सोमवारपासून का?"

"बाई, मशीन सुधरली."

"सुधरली?"

"हाव. सुधरली."

पलीकडे कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"मंग बायाईची गरज नाही म्हण."

कौशल्याने आत काचेकडे पाहिलं. तांदूळ एकसारखा पडत होता. "नाही," ती म्हणाली. "नाही हाय गरज."

"माहीबी?"

"तुहीबी नाही बाई."

"आता!" चंद्रभागाबाईचा आवाज चढला. "तिले जमते का माह्यासारखं?"

"तुह्यासारखं कुठं जमते. पण घेतात चालवून."

"हं. घेतील, घेतील. लोकाईले कायचं काय पडलं आता, पाकीट चकचकीत असलं की झालं." मग ती राग उतरल्यासारखी वाटली. "मंग तू एकटीच का तेथं?"

"हाव."

"दिवसभर?"

"हाव."

"कोणासंगं बोलते मंग?"

हमाल कोंड्याचं पोतं घेऊन जवळून गेला, कौशल्या बाजूला सरकली.

"मशीनीसंगंच बोलत जा," चंद्रभागाबाई म्हणाली. "माह्या नावाची तं हाय. जेवली का विचारत जा तिले. अन् काम चुकवून रायली तं दोन शिव्या देजो, माह्याकडून."

"देतो," कौशल्या म्हणाली.

"मंग ठेव. गुड्डीचा बॅलन्स सरते."

फोन बंद झाल्यावरही कौशल्या थोडा वेळ उन्हात उभी होती. मग आत गेली, दार सरकवलं, टोपी नीट केली आणि स्टुलावर बसली. साडेपाचला अजून अडीच तास होते.